माय कादंबरीत गेली तो पौष

पौष लागला की मला माणसांचा संशय यायला लागतो. एरवीही मी काही फार भोळी नाही. दूधवाल्याचं माप, डॉक्टरांचं हसणं, फोनवर 'माँजी, माँजी' करणारी ती बँकेतली पोरगी, कोणावरच माझा पटकन विश्वास बसत नाही. पण पौषातलं प्रकरण वेगळं. भिलाईच्या हुडको कॉलनीतल्या आमच्या गल्लीत सकाळी धुकं उतरतं, खांबावरचा दिवा विझायचा राहून जातो, कुरुदकडे जी थोडी शेतं अजून घरांच्या तावडीतून सुटली आहेत तिथून पेंढा जाळल्याचा वास येतो, आणि माझं डोकं बिनसतं. नातू म्हणतो, "दादी को ठंड में गुस्सा आता है." राग नाही रे बाबा तो. संशय आहे. वासाबरोबर येतो आणि उन्हं तापली की जातो.

त्यातही सगळ्यात मोठा संशय लिहिणाऱ्यांचा. वाचनालयातून कादंबरी आणते आणि गरीब बाईचं वर्णन आलं की थांबते. तिच्या घरात काय काय आहे ते आधी बघते. सामान जरा जास्त वाटलं की पुढची पानं मला वाचवत नाहीत. सून विचारते, "एवढं काय त्यात?" तिला काय सांगणार? आणि आज तर मीच कागद पुढ्यात घेऊन बसले आहे. तेव्हा तुम्हीही मला जरा जपूनच वाचा.

आम्ही तेव्हा खुर्सीपारला राहायचो. दुकानाला दुकान चिकटलेलं आजचं खुर्सीपार नव्हे. तेव्हा तिथं मुरमाड माळ होता आणि त्यावर झोपड्यांच्या ओळी. बांबूच्या तट्ट्यांच्या भिंती, वर चटया, चटयांवर डांबराचा कागद. मी चौथीच्या वयाची होते, पण शाळा अजून बांधायचीच होती. सगळंच बांधायचं होतं. पोलादाचा कारखाना म्हणजे आभाळात उभे केलेले लोखंडाचे खांब, आणि भट्टी अजून पेटली नव्हती. भंडाऱ्याकडची, गोंदियाकडची, आंध्रातली, ओडिशातली आणि इथली छत्तीसगडी माणसं एकाच नळावर भांडायची आणि भांडता भांडता एकमेकांची भाषा शिकायची. माझी अर्धी हिंदी त्या नळावरची आहे, म्हणून ती जरा वरच्या पट्टीत असते.

माझे बाबा खलाशी. बोटीवरचे नव्हेत. लोखंडाच्या तुळया दोरखंडानं ओढून वर चढवायच्या आणि खांबांवर बसवायच्या, हे काम करणाऱ्याला इथे खलाशी म्हणतात. ठेकेदाराकडे होते, कारखान्याच्या नोकरीत लागायला अजून अवकाश होता. बाबा वर चढायचे. कमरेला दोरी, ती वरच्या तुळईवरून खाली आलेली, आणि तिचं दुसरं टोक बिसाहूच्या हातात. बिसाहू आमचा शेजारी, छत्तीसगडी, आडव्या अंगाचा, कमी बोलणारा. बाबांचा पाय सुटला तर त्यांना धरणारं जगात दुसरं काही नव्हतं, बिसाहूचे दोन हात तेवढे. हे आत्ताच सांगून ठेवते, कारण आमच्या घरावर जे आलं ते शेवटी त्या दोरीवरच आलं.

त्या हिवाळ्याचं मला काय काय आठवतं! ओठ उलायचे, माय त्यावर तिळाचं तेल लावायची. धुकं आणि सिमेंटची भुकटी एकत्रच खाली उतरायची आणि सकाळी माझ्या केसांवर पांढरा थर बसायचा. आत्या म्हणायची, "बापा, हे पोट्टी तं माह्या आधी म्हातारी होऊन राहिली!" दिवसभर लोखंडावर लोखंड आपटायचं. तो आवाज थांबला की चुकल्यासारखं वाटायचं. माय कुरुदला धान कापायला जायची, मजुरीही धानातच मिळायची. मी तिच्या मागं मागं पडलेल्या लोंब्या वेचायचे. कापलेल्या खुंटांनी पाय सोलून निघायचे. संध्याकाळी परत येताना मायच्या डोक्यावर गाठोडं, माझ्या ओच्यात बोरं नाहीतर लाखोरीची कोवळी भाजी, आणि समोर अंधारात वेल्डिंगच्या निळ्या ठिणग्या. आम्ही गरीब आहोत हे मला तेव्हा माहीत नव्हतं. ते कळायला लेखक यावा लागला.

तो कार्तिकात आला. चष्मा, खांद्याला झोळी, कुठल्याशा मोठ्या शहरातला, हिंदीत लिहिणारा. आमच्या ओळीच्या टोकाची झोपडी रिकामी होती, ती त्यानं घेतली. पहिल्याच सकाळी नळावर आला, बादली खाली ठेवली आणि बायांना हात जोडून म्हणाला, "मैं गरीबी पर उपन्यास लिख रहा हूँ. आप लोगों के बीच रहूँगा." बायांनी त्याच्याकडे बघितलंच नाही. त्यांनी बादलीकडे बघितलं. कोरी करकरीत होती.

संध्याकाळपर्यंत वस्तीत ज्याचं त्याचं मत तयार. आत्या म्हणजे बाबांची बहीण. नवरा गेल्यापासून आमच्यातच राहायची आणि जगातली कोणतीही वाईट बातमी तिला सगळ्यांच्या आधी लागायची. त्या दिवसांत अशी बोलवा होती, की एवढी मोठी भट्टी पोराचा बळी घेतल्याशिवाय पेटत नाही. "पोट्टे पाहाले आला तो," आत्या म्हणाली. "चश्म्यातून वजन करून राहिला." तिनं मला कितीतरी दिवस उंबऱ्याबाहेर पाऊल टाकू दिलं नाही. बाबांना वाटलं, हा ठेकेदाराच्या मुन्शीनं पेरलेला माणूस, कोण काय बोलतं ते ऐकायला ठेवलेला. पलीकडच्या झोपडीतली गिरजाकाकू भंडाऱ्याकडची, तिचं वेगळंच. "काई नाई वो, बायकोनं हाकललं असन. नवी बादली घेऊन कोन फिरते?"

फक्त मायनं त्याचं बोलणं खरं मानलं. गरिबीवर पुस्तक लिहिणार म्हणतो ना, मग लिहिणारच. आणि म्हणूनच सगळ्या वस्तीत सगळ्यात जास्त तीच घाबरली.

कारण असं, की आम्ही दीक्षा घेतलेली माणसं. नुकतीच घेतलेली. गावाकडं माझ्या आजोबांनी जन्मभर गावकीची कामं केली आणि संध्याकाळी घरोघरी जाऊन भाकर मागून आणली. हक्काची भाकर, असं ते म्हणायचे. असेल हक्काची, पण ती उंबऱ्याच्या खाली उभं राहून घ्यायची आणि वरून टाकलेली झेलायची. नागपूरला त्या गर्दीत पांढरं लुगडं नेसून माय उभी होती, माझा हात धरून. परत येताना बाबा म्हणाले, "आजपासून आपल्या घरचा हात कोनाच्या दारात पसरनार नाई." गाव सोडून भिलाईला आलो ते पोटासाठी, हे खरंच, पण या एका वाक्यासाठीही आलो. आणि आता हा मनुष्य सगळ्या मुलखाला छापून सांगणार, की पहा, ही माणसं अजून तशीच आहेत? मायचा जीव खाली-वर व्हायला लागला. "गरिबी लिहाले आला ना?" ती म्हणाली. "आपल्या घरात त्याले गरिबी दिसनारच नाई."

मग तिनं जे केलं ते तिलाच सुचावं. लेखक एकेक घर घेत ओळीनं पुढं सरकत होता, त्यामुळे आमची पाळी कधी येणार ते कळतच होतं. त्या सकाळी मायनं गिरजाकाकूकडून पितळेचा गुंड आणला, पाणी भरायचा, चांगला पोटाचा. बिसाहूची बायको सुकवारो, तिच्याकडून परात. आंध्रातल्या वेल्डरच्या घरून घडीची खुर्ची. ट्रक चालवणाऱ्या डायवरच्या बायकोकडून गजराचं घड्याळ. प्रत्येकीला एकच सांगितलं, "गावाकडचे पाव्हने येऊन राहिले, सांजच्याले परत करतो." चिंच आणि राख घेऊन ती भांड्यांवर अशी तुटून पडली, की त्या पितळात आत्याला स्वतःचं तोंड दिसलं आणि ती दचकली.

लेखक आला. खुर्चीवर बसला. बाबा स्वतःच्याच घरात पाव्हण्यासारखे भिंतीला टेकून उभे. मायनं साखरेचा चहा दिला, गुळाचा नव्हे. सगळं मनासारखं चाललेलं, आणि तेवढ्यात ते मेलं घड्याळ वाजायला लागलं. थांबवायचं कसं, कोणाला ठाऊक! मायनं ते उचललं, गोधडीत गुंडाळलं, गोधडीवर बसली आणि हसून म्हणाली, "रोजही बजता है." गोधडीतून बराच वेळ घुरघुर ऐकू येत राहिली.

लेखकानं गुंडाकडे पाहिलं, परातीकडे पाहिलं, बाबांकडे पाहिलं. इतर घरी तो 'क्या खाते हो, कितने लोग सोते हो' असं विचारायचा. आमच्याकडे त्यानं तसलं काही विचारलं नाही. एवढंच म्हणाला, "ठेकेदार के लोगों से आपकी अच्छी जान-पहचान होगी." माझ्या मायला वाटलं, कौतुकच चाललंय आपलं. तिला चेव आला. "होगी क्या? है ना! मुन्शी तो हमारे घर चाय पीके जाता." बापा रे बापा! मुन्शी आमच्या ओळीतसुद्धा कधी फिरकला नव्हता. बाबांनी तिच्याकडे असं पाहिलं, की मी चहाची बशी खाली ठेवली. पण माय त्या दिवशी खुशीत होती. संध्याकाळी ज्याची वस्तू त्याला पोचवून आली आणि म्हणाली, "गेला रिकाम्या हातानं."

अगहनात, म्हणजे मार्गशीर्षात, थंडी वाढली. तट्ट्यांतून वारं यायचं, चटया गळायच्या. दोन तरण्या मजुरांनी चार माणसं जमवली आणि ठरवलं, की सगळ्यांनी मिळून टिनाचं छप्पर मागायचं. नुसतं ठरवलं होतं, कुठं बोललेही नव्हते. दुसऱ्या सकाळी मुन्शीनं त्या दोघांना फाटकावरूनच परत पाठवलं. कामावर यायचं नाही म्हणाला. म्हणजे कोणीतरी जाऊन सांगितलं होतं, आणि तो सांगणारा आमच्यातलाच होता. त्या दिवसापासून वस्तीचं बोलणं खालच्या आवाजात गेलं. माणसं बोलता बोलता मागं वळून बघायची. नळावरची भांडणंसुद्धा बंद झाली. ज्या नळावर भांडण नाही, तिथं काहीतरी फार वाईट चाललेलं असतं.

आणि पौषाच्या सुरवातीला लेखक निघाला. जायच्या आदल्या दिवशी सुट्टी होती. दुपारी उन्हाला सगळे विटांच्या ढिगापाशी बसलेले. तो म्हणाला, "पात्र आप ही लोग हैं, तो पहले आप ही को सुनाऊँगा." आणि वाचायला लागला. खोटं कशाला बोलू, फार छान लिहिलं होतं त्यानं. नावं बदलली होती, पण माणसं लगेच ओळखू यायची. गिरजाकाकूचं बोलणं आलं तसा हशा पिकला. ती पदर तोंडाला लावून म्हणे, "मीच हाय ते, मीच!" सुकवारो आली, बिसाहू आला, त्याचं न बोलणं आलं. बिसाहूसारखा माणूस, तोही लाजला. आपण कोणीतरी आहोत, आपल्यावर कोणीतरी वाचण्यासारखं लिहिलं आहे, या आनंदात वस्ती कितीतरी दिवसांनी मोकळी हसली.

मग आम्ही आलो. बापूराव नावाचा एक खलाशी. त्याच्या घरात खुर्ची. बाकीची वस्ती भोंग्यावर उठते, याच्या घरात घड्याळ वाजतं. बायको गोमती, तिच्या पितळेनं डोळे दिपतात. मुलगी चंपा, बशीतून साखरेचा चहा पिते. तेवढं खरं होतं, मी बशीतूनच पीत होते. मुन्शी त्या घरी चहाला येतो, आणि पुढच्या पानावर, चहा संपता संपता, बापूराव हळूच दोन नावं सांगतो.

कोणी हसलं नाही. माना फक्त आमच्याकडे वळल्या आणि तशाच राहिल्या. लेखक वाचतच होता, त्याला वाटलं, वाचन रंगलं आहे.

मी खूप विचार केला आहे त्यावर. त्यानं पाहिलं तेच लिहिलं, बाकीचं जुळवून घेतलं, तेवढं तर प्रत्येक लिहिणारा करतो. आणि वस्तीचं तरी काय चुकलं? गुंड आपला, हे गिरजाकाकूला माहीत. परात आपली, हे सुकवारोला माहीत. पण प्रत्येकीला वाटलं, आपली एक वस्तू सोडली तर बाकीचं सगळं हिचंच. चौघी एकत्र बसून बोलल्या असत्या तर त्याच क्षणी उलगडा झाला असता. पण त्या दिवसांत चौघी एकत्र बसतच नव्हत्या. आणि मुन्शीचा चहा? ती थाप काही मायनं कोणाकडून मागून आणलेली नव्हती.

लेखक दुसऱ्या सकाळी बादली घेऊन गेला. त्या सकाळी बिसाहूनं बाबांना हाक मारली नाही. रोज दोघं बरोबर जायचे, त्या दिवशी तो एकटाच पुढं निघून गेला.

कोणी तोंडावर काही विचारत नव्हतं, हेच तर वाईट होतं. शिवी दिली असती तर उलटून देता आली असती. माय नळावर गेली की बाया बाजूला सरकून तिला जागा द्यायच्या. आधी कधी दिली होती का जागा कोणी? आणि मग एका संध्याकाळी बाबा घरी आले आणि चपला न काढताच दारात बसले. म्हणाले, "आज त्यानं कमरेले वेढा घेतला नाई." माय समजली. बिसाहू दोरीचा एक वेढा स्वतःच्या कमरेभोवती घेऊन उभा राहायचा, म्हणजे झटका बसला तरी दोरी सुटू नये. आज त्यानं ती नुसती हातात धरली होती. "मी वरून पाहात होतो," बाबा म्हणाले. "काम कराव का दोरी पाहाव?"

"तुमी सांगा ना त्याले," माय म्हणाली.

"काय सांगू? का आमच्या घरी परात बी नाई म्हनून? अन् मी कावून सांगू? इतके दिवस माह्या जिवाची दोरी धरली त्यानं, त्याले मी सांगाव लागते का मी कसा हाय ते?"

माय चुलीकडे तोंड करून बसली होती. मग अगदी हळू, आम्हाला ऐकू येऊ नये अशा बेतानं म्हणाली, "खरं सांगा. तुमी तं नाई ना?"

बाबांनी तिच्याकडे पाहिलं. रागानं नव्हे. राग परवडला असता. "तुले तं वाचता बी येत नाई," ते म्हणाले, "अन् तू बी त्या पुस्तकावर गेली?" आणि न जेवता पांघरूण घेऊन पडले.

पण मायचंही काय चुकलं? लिहिलेलं माणसाला खरं वाटतं हो. मी स्वतः बाबांकडे चोरून बघायला लागले होते. बाबा हळू बोलले की मला वाटायचं, बापूराव असाच हळू बोलला होता. आत्या बाबांकडे बघायची, बाबा मायकडे बघायचे. एका तट्ट्याच्या खोलीत आम्ही चौघं, आणि चौघांनाही एकमेकांचं भ्या. ती थंडी मला अजून आठवते, ती हवेतली नव्हती.

पुढं शिकून मी मास्तरीण झाले. दुर्गला, रायपूरला, जिथं वाचनालय दिसलं तिथं ती कादंबरी शोधली. मिळाली नाही. छापलीच नसेल कदाचित. किंवा छापली असेल वेगळ्याच नावानं, आणि कुठल्यातरी कपाटात माझे बाबा अजून चहा संपता संपता दोन नावं सांगत असतील. वाचणारा हळहळत असेल त्या दोन पोरांसाठी आणि बापूरावाला शिव्या देत असेल. माझे बाबा जाऊन इतकी वर्षं झाली, पण हे मनातून जात नाही. तुम्हाला कधी तो बापूराव भेटला तर त्याचं सगळं खरं मानू नका, एवढं माझं ऐका.

त्याच पौषाची पुनव आली. छत्तीसगडी माणसांचा त्या दिवशी छेरछेरा. धान घरात आलेलं असतं, आणि लहान-मोठे, गरीब-श्रीमंत सगळे टोपल्या नाहीतर पिशव्या घेऊन दारोदार 'छेरछेरा' असा पुकारा करत धान मागतात. प्रत्येक दारातून मूठभर तरी मिळतंच. मागणाऱ्याला त्या दिवशी कोणी परत पाठवत नाही, आणि मागण्यात कोणाला कमीपणा वाटत नाही. कमीपणा उलट त्याला, ज्याच्या दारात कोणी मागायला येत नाही.

अर्धी गॅंग सणाला घरी, म्हणून काम बंद. बाबा घरातच होते. मायनं सकाळीच सूप भरून धान दारात ठेवलं, कुरुदच्या मजुरीचं, आणि शेजारी बसली. पोरांचे घोळके ओळीनं येत होते. गिरजाकाकूचं दार झालं. मग आमचं सोडून थेट सुकवारोचं. दुसरा घोळका आला, तोही तसाच. सुकवारोची पोरगी माझी मैत्रीण, ती क्षणभर थांबली, माझ्याकडे पाहिलं, आणि मोठ्या पोरींनी तिला दंडाला धरून ओढून नेलं. माय बसून होती. ऊन दारात आलं, सुपावर आलं. कोंबड्या येऊन धान टिपायला लागल्या, तिनं त्यांना हाकललंही नाही.

मग ती उठली. पदर पुढं घेऊन त्याची ओटी केली.

"कुठं चालली?" बाबा म्हणाले.

"मागाले."

"काय?"

"आयकू आलं ना तुमाले. मागाले चालली."

बाबा उभे राहिले. "आपलं काय ठरलं होतं?"

"ठरलं होतं. मले समजते ते." मायचा आवाज फाटला. "वचन पाळून तुमी वर चढा, अन् मी काय करू? पाहा तुमच्या बहिनीकडं, कपाळ पाहा तिचं. मले तसं नाई बसाचं. मले तुमी पायजे!"

असलं काही मायनं बाबांना आमच्यादेखत कधी म्हटलं नव्हतं. बाबांनी मान खाली घातली. आत्या भिंतीकडं तोंड करून रडायला लागली.

माय सुकवारोच्या दारात गेली आणि तिनं पुकारा केला. "छेरछेरा!" सगळी ओळ बाहेर आली. सुकवारोला दार लावून घेता येईना, ती सूप घेऊन आली. तिनं मूठ भरली, पण मायनं लगेच पदर पुढं केला नाही.

"आधी आयक," माय म्हणाली, आणि मोठ्यानं म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल असं, अर्धं मराठीत, अर्धं नळावरच्या हिंदीत. "परात तुमची होती, सुकवारो. गुंड गिरजाचा. खुर्सी वेल्डरची. घडी डायवरच्या घरची. माह्या घरात माहं काईच नाई. मुन्शी कभी नहीं आया. आमच्या घरी बसाले तरी काय हाय, का तो येईन? मी खोटं बोलली. तो गरिबी लिहाले आला होता, मले त्याची लाज वाटली, म्हनून बोलली. कुछ नहीं है हमारे पास. देना है तो दो."

सुकवारोची मूठ तशीच हवेत. "घड़ी घलो तोर नोहय?" म्हणजे घड्याळसुद्धा तुझं नाही? माय नाही म्हणाली. "अवो माय!" गिरजाकाकू मागून ओरडली, "मले वाटलं, गुंड सोडून सगळं तुयंच हाय!" "अऊ खुर्सी?" सुकवारोनं विचारलं. "खुर्सी हमारा!" वेल्डरची बायको. कितीतरी दिवसांनी बाया एकमेकींशी बोलायला लागल्या, एकीचं ऐकून दुसरी कपाळावर हात मारायची. सुकवारो हसता हसता खाली बसली आणि बसूनच तिनं मायच्या पदरात सूप उलटं केलं.

मग माय एकही दार सोडायला तयार नव्हती. ज्या दारात गेली तिथं तेच सांगितलं, आणि प्रत्येकानं घातलं. मी तिच्या मागं होते. पदराच्या वजनानं ती वाकली होती.

बिसाहू हे सगळं आपल्या दारात उभा राहून पाहात होता. हसला नव्हता. बाबा घरातून निघाले आणि त्याच्यासमोर जाऊन उभे राहिले. खांद्यावरचा दुपट्टा काढला, दोन्ही हातांवर पसरला. म्हणाले, "छेरछेरा," आणि ते इतकं हळू, की फक्त बिसाहूलाच ऐकू गेलं असेल. बिसाहू आत गेला. ओंजळ भरून धान आणलं, दुपट्ट्यात घातलं.

"काली चढ़बे का?" त्यानं विचारलं. उद्या चढशील का?

"कमरेले वेढा घेशीन तं चढतो."

"लेहूँ," बिसाहू म्हणाला. घेईन.

दुपारी मायनं ते सगळं धान एकत्र कांडलं, पाखडलं आणि नव्या तांदळाचा भात केला. आम्ही जेवायला बसलो. आत्या ताटातला भात बोटानं इकडून तिकडं करत होती. मग म्हणाली, "एक सांगू का? चुगली करनारा हाय तं याच वस्तीतला. आज त्यानं बी मूठभर घातलं असन तुया पदरात."

बाबांचा घास हातातच राहिला. मी माझ्या ताटाकडे पाहिलं. खरंच होतं ते. माय सगळ्या दारांत जाऊन आली होती. तो कोण होता, हे आम्हाला पुढंही कधी कळलं नाही.

"घातलं असन," माय म्हणाली. "मी काय मुठी ओळखत होती? एका जागी कांडलं, एका जागी शिजलं. निवडता येत असन तं निवडा आता, नाई तं जेवा." आणि बाबांच्या ताटात अजून भात वाढला.

बाबा थोडा वेळ भाताकडे पाहात राहिले. मग जेवले. आम्ही सगळेच जेवलो, आणि सकाळी भोंगा झाला तसे बाबा वर चढायला गेले.